तार तुटली, हे कारण नव्हे

१० सप्टेंबर २०२३, रविवार. ठाण्यात बाळकुमला एका ४० मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे काम चालू होते. संध्याकाळी काम आटोपून मजूर बांधकामाच्या लिफ्टने खाली उतरत असताना लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. लिफ्टची तार तुटली, असे तेव्हा सांगण्यात आले आणि बहुतेकांच्या लेखी विषय तिथेच मिटला. खरे म्हणजे तो तिथे सुरू व्हायला हवा होता. तार कधी ना कधी तुटणारच, हे गृहीत धरूनच माणसे नेणारी लिफ्ट बनवायची असते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः लिफ्टच्या फळीवर उभा राहिला, त्याने वरचा दोर सर्वांसमक्ष तोडायला लावला आणि फळी होती तिथेच अडकून राहिली. या गोष्टीला जवळजवळ १७० वर्षे झाल्यावरही तार तुटणे हे माणसे मरण्याचे कारण म्हणून आपण ऐकून घेतो. तार तुटल्यावर लिफ्टला धरून ठेवणारी दुसरी यंत्रणा का चालली नाही, तिची चाचणी शेवटची कधी झाली, चाचणीच्या कागदावर सही कोणाची, आणि लिफ्ट बंद ठेवा असे म्हणण्याचा अधिकार त्या इमारतीत नेमका कोणाला होता, हे प्रश्न कारणाचा शोध घेणारे आहेत. त्यांची उत्तरे ज्या घरांतली माणसे गेली त्यांना आणि शेजारच्या साईटवर तशाच लिफ्टने रोज वर जाणाऱ्यांना मिळायला हवीत.

बाळकुमच्या चाळीस दिवस आधी याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम रात्री चालू असताना गर्डर बसवणारे अवजड यंत्र गर्डरसकट खाली आले. २० जण ठार झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, ४ एप्रिल २०१३ रोजी, मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पत्त्यांसारखी कोसळली आणि ७४ माणसे गेली. वनजमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचे वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर भाडेकरू राहत होते. तिथेच काम करणारे मजूर बायकापोरांसह त्यातच राहत होते. एक पूर्ण अधिकृत इमारत, एक खुद्द सरकारचा प्रकल्प, एक पूर्ण बेकायदा बांधकाम. तिन्ही ठिकाणची यंत्रे वेगळी, माणसे वेगळी, चुका वेगळ्या. तरीही मला तिन्हींत एकच सूत्र दिसते. वर चढलेल्या माणसाचा जीव कशावर अवलंबून राहणार हे तो चढण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ते नकाशाच्या टेबलावर ठरते, कंत्राटाच्या दरपत्रकात ठरते, परवानगीच्या फायलीत ठरते. तिथे ठरवणारी माणसे अपघातानंतरच्या गुन्ह्यात मात्र क्वचितच सापडतात. पैसा, मुदत आणि परवानगी ज्यांच्या हातात, जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात, एवढे एक तत्त्व अमलात आले तर यातले बहुसंख्य मृत्यू टळतील, असे मला वाटते.

हे कसे, ते एका छोट्या जागेकडे पाहून समजेल. इमारत वर चढत असते तेव्हा प्रत्येक मजल्यावर लिफ्टची पोकळी, पाइपांचे डक्ट, जिन्याची उघडी कड अशी भोके नव्याने तयार होतात. डक्टच्या भोकावर प्लायचा तुकडा टाकून ठेवतात. तो खिळ्यांनी ठोकलेला नसतो, त्यावर रंगाची खूण नसते. मग सामान आवरायला आलेला बिगारी पडलेला प्लाय दोन्ही हातांनी समोर उचलून धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लायमुळे त्याला पायाखालचे दिसत नाही, आणि ज्या भोकावर तो प्लाय होता त्याच भोकातून तो खाली जातो. पंचनाम्यात याला तोल जाऊन पडणे म्हणतात. तोल गेलेला नसतोच, जमीनच नसते. यावरचा उपाय साऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांना ठाऊक आहे. स्लॅब भरताना सळयांची जाळी डक्टच्या भोकावरून तशीच पुढे न्यायची आणि पाइप टाकायच्या दिवशी ती कापायची. खर्च काही किलो सळईचा. पण ही जाळी नकाशात दाखवावी लागते, ती दाखवणारा माणूस ऑफिसात बसलेला असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. मुकादमाने जीव तोडून सांभाळले तरी तो ही जाळी नकाशात घालू शकत नाही. त्याच्या हाती उरतो तो सैल प्लाय.

दरपत्रकाचीही तीच गत. विकासक मुख्य कंत्राटदाराला काम देतो. तो सेंट्रिंग एकाला, सळईकाम दुसऱ्याला, प्लास्टर आणि परांची तिसऱ्याला लावतो. त्यातला प्रत्येक जण मुकादमाकडून माणसे घेतो आणि मुकादम गावाहून टोळी आणतो किंवा सकाळी नाक्यावरून माणसे उचलतो. दर फुटावर ठरतो. खालच्या पायरीवर आलेल्या फुटाच्या दरात कठडा, जाळी, परांचीच्या पुऱ्या फळ्या, टेकू तपासणारा माणूस यांचे पैसे कुठेच वेगळे लिहिलेले नसतात. जो ठेकेदार ते धरून दर सांगेल त्याला काम मिळत नाही. सुरक्षेवर खर्च करणारा ठेकेदार स्पर्धेत हरतो, असा हा बाजार रचलेला आहे आणि तो ठेकेदारांनी रचलेला नाही. तो वरून, कमीत कमी दराचे टेंडर मागणाऱ्याने रचलेला आहे. निविदेत सुरक्षेची कलमे स्वतंत्र दराने लिहिली, त्यांच्यावर बोली लावायला बंदी केली आणि झालेल्या कामाप्रमाणेच त्यांचे बिल दिले, तर हाच ठेकेदार उद्या जाळी लावेल, कारण जाळी न लावण्यात त्याचे नुकसान असेल.

मुदत हा दर ठरवण्याहूनही अवघड भाग आहे, आणि इथे घर घेणाऱ्या सामान्य ग्राहकाचाही हात नकळत लागतो. महारेराच्या नमुना करारात जोत्यापर्यंत ४५ टक्के आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के रक्कम घेता येते. म्हणजे किमतीचा चौथा हिस्सा स्लॅबमागून स्लॅब सुटतो. एक स्लॅब पडला की शेकडो फ्लॅटधारकांच्या बँकांतून हप्ता येतो. स्लॅब आठवडाभर लांबला तर हप्ताही लांबतो आणि विकासकाने काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते. आता तांत्रिक बाजू पाहा. साडेबारा सेंटीमीटर जाडीचा स्लॅब दहा बाय बाराच्या एका खोलीपुरता धरला तरी त्याचे वजन साडेतीन टनांच्या आसपास भरते. काँक्रीट कच्चे असेपर्यंत हे सगळे वजन टेकूंवर असते. आपले भारतीय मानक ४५६ सांगते की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस हलवू नयेत. सेंट्रिंगचे साहित्य मोजकेच असते, खालचे टेकू काढल्याशिवाय वरचे लागत नाहीत, आणि वरचा स्लॅब लवकर पडावा म्हणून हिशेब दर दिवशी घासला जातो. सेंट्रिंगवाल्याने टेकू लवकर काढला, असे अपघातानंतर म्हणता येते. तो टेकू वरच्या मजल्यावर कोणत्या तारखेला हवा, ही तारीख ठरवणारा वेळापत्रकाचा कागद कोणी पुढे ठेवत नाही. हप्ते पायरी-पायरीने घेऊ नयेत, असे मी म्हणत नाही. बांधकाम न करता पैसे उचलणाऱ्यांना आळा घालण्यासाठीच ती पद्धत आली. पण पायरी पूर्ण झाल्याचा दाखला इंजिनिअर देतोच, त्या दाखल्यात टेकूंच्या तारखा आणि त्या मजल्यावर झालेल्या अपघातांची नोंद बंधनकारक करणे अवघड नाही.

कायद्याने या साखळीचे वरचे टोक मोकळेच ठेवले होते. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा बाळकुम, सरळांबे आणि शिळफाटा या तिन्ही वेळी लागू होता. त्यात काम कंत्राटदारामार्फत असेल तर नियोक्ता म्हणून कंत्राटदार पुढे येत होता, आणि सतत देखरेख ठेवण्याचे कर्तव्य त्या नियोक्त्यावर. सुरक्षेचे नियम मोडल्यास शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात एका फ्लॅटच्या पार्किंगला लाखो रुपये मोजावे लागतात, हे ध्यानात घेतले की त्या दंडाचे वजन कळते. पण मला दंडाहून जास्त खटकते ते कलम ३९. अपघातात पाच किंवा अधिक माणसे मेली तर महिन्याभरात चौकशी झालीच पाहिजे, असे ते म्हणत होते. त्याहून कमी मेली तर चौकशी करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. बांधकामावर माणसे मरतात ती मुख्यतः एकेकटी. डक्टमधून एक, परांचीवरून एक, उघड्या वायरीने एक, चरात माती ढासळून एक. म्हणजे जे मृत्यू नेहमीचे आहेत तेच नेमके सक्तीच्या चौकशीबाहेर राहिले. त्यांतून कोणी काही शिकले नाही, कारण शिकायला कागदच तयार झाला नाही. कारखान्यांतल्या अपघाती मृत्यूंची आकडेवारी केंद्राकडे वर्षानुवर्षे गोळा होते. बांधकामांची तशी शिस्तशीर मोजदाद नाही. नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मृत्यूच्या प्रकरणी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन्ही आहेत, आणि दंडातला निम्मा तरी भाग वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकते. ही सुधारणा खरी आहे, तिचे स्वागत केले पाहिजे. मात्र दंड कितीही वाढला तरी तो अपघात झाल्यावर, खटला उभा राहिल्यावर आणि निकाल लागल्यावर. चौकशीच्या अभावी खटला साइट सुपरवायझरपर्यंत जाऊन थांबत असेल, तर पाच लाखही वरच्या मजल्यापर्यंत पोचणार नाहीत.

यावर सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की मजूर स्वतःच बेफिकीर असतात, बेल्ट दिला तरी लावत नाहीत. बेल्ट न लावणारे मजूर असतात, हे खरे आहे. ते का लावत नाहीत, हेही पाहावे. बेल्टचा हूक अडकवायला वर पक्का आधार लागतो. तो नसेल तर बेल्ट म्हणजे अंगावरचा पट्टा. पैसे फुटावर मिळणार असतील तर दर दहा पावलांवर हूक सोडून पुन्हा अडकवण्यात जाणारा वेळ मजुरीतून वजा होतो. आणि मुळात बेल्ट हा शेवटचा उपाय. कडेला कठडा आहे, खाली जाळी आहे, भोकावर सळई आहे, तर मजूर दमलेला असो, नवखा असो, रात्री झोपला नसो, ती सगळी त्याच्या लक्षावर अवलंबून न राहता काम करतात. माणसाच्या हातून चूक होणार हे धरून जी रचना केली जात नाही तिला सुरक्षित म्हणता येत नाही. रेल्वेने फाटक मोटरमनच्या सावधपणावर सोडलेले नाही, सिग्नल बसवले आहेत.

परदेशांचे दाखले देताना मी जपून देईन, कारण ते देश श्रीमंत आहेत म्हणून त्यांना जमते असे लगेच म्हटले जाते. ब्रिटन २००० साली श्रीमंतच होते, तरी २०००-०१ या एका वर्षात तिथे १०५ बांधकाम कामगार मेले. त्याआधी १९९४ मध्ये आणि पुढे २००७ व २०१५ मध्ये त्यांनी नियम असे घडवले की काम करवून घेणारा मालक, नकाशा काढणारा आणि मुख्य कंत्राटदार या तिघांवर स्वतंत्र कर्तव्ये आली. आता तिथले वार्षिक मृत्यू ५० च्या आसपास किंवा त्याहून खाली असतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची सारी बांधकामे एकही कामगार न गमावता झाली. सिंगापूरचे उदाहरण ठाण्याला जास्त जवळचे, कारण तिथेही उंच इमारती बांधणारे हात बाहेरून आलेल्या मजुरांचे आहेत. २००४ मध्ये निकोल हायवेवर भुयारी रेल्वेचे खोदकाम ढासळून चार जण गेले. त्यानंतर २००६ मध्ये नवा कायदा आला. कामाच्या जागी होणारे मृत्यू २००४ मध्ये दर लाख कामगारांमागे ४.९ होते, ते २०२३ मध्ये एकच्या खाली आले. तिथे कंपनीच्या नावावर दोषगुण चढतात, दीड वर्षात २५ गुण झाले की परदेशी मजूर आणण्याची परवानगी बंद होते. दंड भरून सुटण्याची सोय नाही; धंदाच थांबतो. हा धाक पैशाच्या श्रीमंतीतून आलेला नाही.

आपल्याकडे असा धाक घालण्याचे साधन आधीच तयार आहे आणि ते महापालिकेच्या हातात आहे. नगररचना विभागाच्या प्रारंभ प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे सीसीशिवाय, अधिकृत इमारतीचे काम सुरू होत नाही. जोत्याची तपासणी झाल्याशिवाय वरचे मजले चढत नाहीत. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देता येत नाही. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकरही परवानगीच्या टप्प्यावरच पालिका वसूल करते. म्हणजे मजुराच्या नावाने पैसे घ्यायला पालिका हजर आहे, पण तो मजूर जिवंत आहे का हे विचारणे तिचे काम समजले जात नाही. ते कामगार खात्याचे. आणि कामगार खात्याकडे काम थांबवण्याची जी ताकद आहे ती कागदावर कितीही असली तरी बिल्डरला भीती वाटते ती सीसी अडकण्याची. प्रत्येक मृत्यूनंतर त्या टॉवरची पुढची सीसी आपोआप थांबावी, चौकशीचा अहवाल जाहीर व्हावा, सुचवलेली दुरुस्ती झाल्याचा दाखला आला की सीसी पुन्हा सुरू व्हावी. आणि महारेराच्या संकेतस्थळावर जिथे त्या प्रकल्पाचे खटले दिसतात तिथेच त्या जागी गेलेल्या माणसांची संख्याही दिसावी. यातून इन्स्पेक्टर राज परत येईल, चिरीमिरी वाढेल, ही भीती निराधार नाही. म्हणूनच मी मर्जीवर चालणारी तपासणी मागत नाही. मृत्यू झाला की काम थांबते, ही गोष्ट अधिकाऱ्याच्या इच्छेवर नसेल तर तिच्यात विकायला काही उरत नाही. मृत्यू लपवण्याचा मोह मात्र वाढेल, हे कबूल केले पाहिजे. त्याला उतारा म्हणजे रुग्णालय आणि पोलीस यांच्याकडची नोंद थेट पालिकेकडे जाणे. बांधकामावरून आणलेल्या मृतदेहाचा पंचनामा तसाही होतोच.

मग बेकायदा बांधकामांचे काय? कल्याण-डोंबिवलीच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे. उच्च न्यायालयाने नेमलेल्या अग्यार समितीसमोर या एका पालिकेच्या हद्दीतली ६७,९२० बेकायदा बांधकामे आली होती. पुढे खोट्या परवानगीपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण निघाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या पाडायला सांगितले. अशा इमारतीला सीसी नाही, उपकर नाही, नोंदलेला ठेकेदार नाही, इंजिनिअर नाही. तिथे मेलेला मजूर कोणत्याच सरकारी खात्यात कामावर नव्हता. तेव्हा नियम अधिकृत बिल्डरलाच जाचक होतील आणि बेकायदा बांधणारे मोकाट राहतील, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून अधिकृत बांधकामांवरचे नियम सैल ठेवावेत असे निघत नाही. बेकायदा इमारतीचा इलाज जोत्यावर आहे. लकी कंपाउंडच्या प्रकरणात ठाणे पालिकेचे उपायुक्त, पोलीस, नगरसेवक यांना अटक झाली, कारण इमारत दिसत होती आणि ती चढू दिली गेली, असा आरोप होता. प्रभागात पहिला स्लॅब पडला की तो कोणाला दिसला आणि त्याने काय लिहिले, याची तारखेनिशी नोंद ठेवायला लागली तर आठव्या मजल्यापर्यंत काही दिसलेच नाही असे म्हणता येणार नाही. त्याखेरीज एक थर असा आहे की तो कोणत्याच कायद्यात बसत नाही. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तश्रृंगी इमारतीत वरच्या मजल्यावरच्या घरात फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा जण गेले. दोन-चार मजुरांच्या अशा कामाला दहा कामगारांची अट असलेला १९९६ चा कायदा लागूच होत नव्हता. तिथे सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पत्राशिवाय फरशी फोडू न देणे, एवढाच अटकाव शक्य आहे, आणि पालिकेने ते उपविधीत आणायला हवे.

खर्च वाढेल आणि घरे महागतील, हा आक्षेप शेवटी घेतला तो तो हलका आहे म्हणून. ठाण्यातल्या घराची किंमत जमीन, एफएसआयचे अधिमूल्य आणि व्याज यांनी ठरते. कठडे आणि जाळ्या एका इमारतीवरून दुसरीवर नेता येतात. उलट मृत्यूचा खर्च कोण उचलतो ते पाहा. २५ वर्षांचा, महिना १५,००० रुपये वेतन धरलेला कामगार कामावर मृत्यू पावला तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या सूत्राने वारसांना सव्वासोळा लाखांच्या आसपास रक्कम मिळायला हवी होती, आणि त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येत होती. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे पाच लाख वेगळे, पण ते नोंदणी असेल तर, आणि नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरून उचललेल्या, दर पंधरवड्याला साईट बदलणाऱ्या माणसाला तो दाखला कोण देणार? बिहार किंवा झारखंडहून आलेले वडील किंवा भाऊ मृतदेह घेऊन परतीच्या गाडीत बसायच्या घाईत असतात, आणि हाती पडेल त्या रकमेवर अंगठा उठतो. घर स्वस्त राहिल्याचा हिशेब असेल तर त्यातली ही उणी बाजू त्या कुटुंबाने भरलेली आहे. भरपाईसाठी मूळ मालकाला जबाबदार धरायचे, हे कायद्याने १९२३ मध्येच मान्य केले. प्रतिबंधासाठीही तेच मान्य करायला महाराष्ट्राला नव्या कायद्याची गरजसुद्धा नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ खाली राज्य सरकारच्या पूर्वसंमतीने परवानगीला अटी घालता येतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आयुक्तांनी मृत्यूनंतर सीसी थांबवण्याची, डक्टवर सळईजाळी नकाशातच दाखवण्याची आणि लिफ्टच्या चाचणीचा दाखला दर तीन महिन्यांनी जोडण्याची अट लिहून मंत्रालयात नगरविकास विभागाकडे पाठवायची आहे. विभागाने ती नाकारली, तर नाकारण्याची कारणे लेखी द्यावीत, आणि ती वाचण्याचा हक्क बाळकुमच्या सात घरांना आहे.